पदव्युत्तर संशोधनातील नकाराचा अभाव : लीन उत्पादनपद्धती आणि रेषीय बीजगणित या विषयांवरील प्रबंधिकांची चिकित्सा (नागापूर औद्योगिक वसाहतीच्या संदर्भात)

प्रस्तावना

अहिल्यानगर (2024 पूर्वीचे अहमदनगर) शहरातून मनमाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर नागापूर हे गाव आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीमुळे या गावाचे नाव जिल्ह्याबाहेर पोहोचले. स्विचगिअर, विद्युत मोटारी, वाहनांचे सुटे भाग तयार करणारे मोठे कारखाने आणि त्यांच्या आधाराने उभी राहिलेली लहान यंत्रशाळांची दाट वस्ती असे या वसाहतीचे स्वरूप आहे. नागापूर, बोल्हेगाव, निंबळक, वडगाव गुप्ता या परिसरातील असंख्य कुटुंबांची चूल या यंत्रशाळांवर चालते. दुसऱ्या बाजूस, 1983 मध्ये महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाल्यानंतर या जिल्ह्यात लोणी, संगमनेर, कोपरगाव, विळद घाट अशा ठिकाणी अभियांत्रिकी शिक्षणाची सोय झाली व पुढे पदव्युत्तर वर्गही सुरू झाले. कारखाना आणि महाविद्यालय यांचे अंतर दुचाकीने अर्ध्या-पाऊण तासाचे राहिले. यंत्र अभियांत्रिकी व उत्पादन अभियांत्रिकी शाखांच्या एम.ई.च्या विद्यार्थ्याला प्रबंधिकेसाठी विषय शोधताना शेजारची यंत्रशाळा आठवावी आणि त्या विषयाचे नाव बहुधा 'लीन मॅन्युफॅक्चरिंग' असावे, हे त्यामुळे स्वाभाविकच आहे.

त्याच विद्यापीठाच्या छत्राखाली गणित विभागांत रेषीय बीजगणितावर लघुप्रबंध व प्रबंध लिहिले जातात. या दोन प्रकारच्या लेखनाचा परस्परांशी संबंध नाही असे मानले जाते. ग्रंथालयातही त्यांची कपाटे वेगळी असतात. प्रस्तुत लेखात कोणत्याही एका प्रबंधिकेचे वा महाविद्यालयाचे परीक्षण करावयाचे नसून या लेखनप्रकाराच्या घडणीचे परीक्षण करावयाचे आहे. या दोन्ही प्रकारांत एक समान उणीव आढळते. ज्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे येऊ शकते, असा प्रश्नच त्यांत विचारला जात नाही. पहिल्या प्रकारातील 'होय' किती पोकळ आहे हे दाखविण्याचे साधन दुसऱ्या प्रकाराच्या अगदी प्राथमिक पाठांत उपलब्ध असूनही ते वापरले जात नाही.

लीन प्रबंधिकेचा साचा

लीन विषयावरील एम.ई. प्रबंधिका ज्यांनी मार्गदर्शक वा बहिःस्थ परीक्षक या नात्याने चाळल्या आहेत, त्यांना पुढील क्रम परिचयाचा वाटेल. प्रथम टोयोटाचा इतिहास येतो. ताइची ओनो यांनी सांगितलेले अपव्ययाचे सात प्रकार येतात : अतिउत्पादन, प्रतीक्षा, वाहतूक, अनावश्यक प्रक्रिया, साठा, हालचाल आणि सदोष माल. त्यानंतर साहित्याचा आढावा, त्यात बहुतांशी इतर प्रबंधिकांवरून लिहिलेले शोधनिबंध. मग कारखान्याची ओळख, सद्यःस्थितीचा मूल्यप्रवाह नकाशा, सुधारणांची यादी, भावी स्थितीचा नकाशा आणि शेवटी 'पूर्वी' व 'नंतर' असे दोन स्तंभ असलेला तक्ता. या तक्त्यात मालाचा एकूण प्रवासकाल घटलेला असतो, अर्धवट तयार मालाचा साठा घटलेला असतो, जागा मोकळी झालेली असते. सुधारणा झाली नाही असा तक्ता क्वचितच पाहावयास मिळतो.

मूल्यप्रवाह नकाशा हे मुळात चांगले साधन आहे. मायकेल रोदर व जॉन शूक यांच्या 1998 च्या 'लर्निंग टू सी' या पुस्तिकेने ते सर्वत्र नेले. कागद व पेन्सिल घेऊन मालाच्या मागे चालत जावे, प्रत्येक ठिकाणी तो किती वेळ पडून राहतो ते लिहावे, हा त्याचा गाभा. नागापूरच्या एखाद्या यंत्रशाळेत एका नगावर प्रत्यक्ष काम काही मिनिटांचे आणि नग मात्र कित्येक दिवस क्रेटमध्ये पडून, हे दृश्य या नकाशामुळे विद्यार्थ्याला दिसते व मालकालाही दाखविता येते. एवढ्या एका गोष्टीसाठीदेखील हे साधन शिकवावे. पण नकाशा हे निरीक्षण आहे. त्यावरून कार्यकारणाचा निष्कर्ष काढावयाचा असेल तर आणखी काही लागते, आणि ते 'आणखी काही' प्रबंधिकेत नसते.

आणखी एक बाब व्यावहारिक आहे. प्रबंधिकेसाठी कंपनीचे प्रमाणपत्र लागते. ते ओळखीतून मिळते आणि पुढील वर्षीच्या विद्यार्थ्यालाही त्याच दारातून आत जावयाचे असते. अशा स्थितीत 'कानबान पद्धती येथे चालली नाही' हे वाक्य लिहिणे विद्यार्थ्याला, मार्गदर्शकाला आणि कारखान्याच्या व्यवस्थापकालाही अडचणीचे ठरते. सोय सर्वांची आहे. गैरसोय झालीच तर ती फक्त ज्ञानाची होते, आणि ज्ञान हे तोंडी परीक्षेला उपस्थित नसते.

एक समीकरण, पाच अज्ञाते

समजा, एका यंत्रशाळेत विद्यार्थ्याने पाच सुधारणा सुचविल्या व त्या अमलात आल्या : कार्यस्थळाची मांडणी व स्वच्छता ('फाइव्ह एस'), साचा वा हत्यार बदलण्याच्या वेळेतील कपात, यंत्रांची नवी रचना, कानबान कार्डे आणि कामगारांचे प्रशिक्षण. प्रवासकाल पूर्वी 12 दिवस होता, नंतर 7 दिवस झाला. तक्त्यात 5 दिवसांची घट नोंदली गेली आणि पुढील परिच्छेदात ती घट पाचही सुधारणांच्या नावे वाटली गेली. (हे आकडे उदाहरणादाखल आहेत.)

रेषीय बीजगणिताच्या पहिल्या सत्रातील विद्यार्थी येथे थांबेल. प्रत्येक सुधारणेचा परिणाम एक अज्ञात राशी मानली तर हाती असलेली माहिती म्हणजे पाच अज्ञातांचे एकच समीकरण : त्यांची बेरीज 5. या समीकरणाच्या मॅट्रिक्सची रँक 1 आहे, शून्यावकाशाची मिती 4 आहे. उकली अनंत आहेत. सगळी घट हत्यारबदलाने झाली, ही एक उकल. कानबानने प्रवासकाल उलट दोन दिवसांनी वाढविला आणि नव्या रचनेने तो सात दिवसांनी कमी केला, हीदेखील तितकीच ग्राह्य उकल. पाचांपैकी कोणती सुधारणा निरुपयोगी वा अपायकारक होती हे या माहितीवरून कधीही कळणार नाही. दोन सुधारणा एकत्र आल्यामुळे होणारा परिणाम वेगळा मोजावयाचा म्हटला तर आणखी दहा अज्ञाते वाढतात. अज्ञाते समीकरणांहून अधिक असताना एकच एक उत्तर छापणे, याला गणितात चूक म्हणतात. प्रबंधिकेत त्याला 'परिणाम व चर्चा' असे शीर्षक असते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की कारखाना ही प्रयोगशाळा नव्हे. यंत्राचा पाया एकदा भरला की तो दर आठवड्याला उखडता येत नाही. आक्षेप खरा आहे. परंतु रेषीय बीजगणित येथे कारखाना बंद ठेवावयास सांगत नाही. सुधारणा एकदम न आणता एकामागून एक आणाव्यात आणि प्रत्येक पायरीनंतर मोजमाप घ्यावे, एवढेच ते सुचविते. पहिल्या पायरीनंतरच्या ओळीत एक सुधारणा, दुसऱ्या ओळीत दोन, याप्रमाणे पाचव्या ओळीत पाचही. या ओळींचा मॅट्रिक्स त्रिकोणी होतो, कर्णावर सर्वत्र 1 येतो, निश्चयकाचे मूल्य 1 येते आणि पाच अज्ञातांची एकमेव उकल मिळते. मूळ स्थितीचे एक आणि पायऱ्यांची पाच अशी सहा मोजमापे लागतात. दोन मोजमापांऐवजी सहा, एवढाच वाढीव खर्च. यात परस्परपरिणाम सुटे होत नाहीत आणि प्रत्येक मोजमापातील चढउताराचा प्रश्नही उरतोच. त्यासाठी प्रत्येक पायरीवर अनेक दिवसांची नोंद हवी. तथापि 'पूर्वी-नंतर' या दोन स्तंभांच्या तक्त्यापेक्षा ही मांडणी कितीतरी अधिक प्रामाणिक आहे, कारण तिच्यात एखाद्या सुधारणेसमोर शून्य किंवा उणे आकडा येण्याची शक्यता असते.

विशेष म्हणजे याच शाखांत, कित्येकदा त्याच मार्गदर्शकाकडे, कातकामाच्या वेगाचे व खोलीचे इष्टतमीकरण करणाऱ्या प्रबंधिका 'एल-9' वा 'एल-27' अशा तागुची मांडण्यांवर लिहिल्या जातात. त्या मांडण्या म्हणजे ऑर्थोगोनल अ‍ॅरे. त्यांची संकल्पना सी. आर. राव यांनी 1940 च्या दशकात कोलकात्यात मांडली, त्यांचा निबंध 1947 मध्ये प्रसिद्ध झाला आणि गेनिची तागुची हे 1954-55 मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेत अभ्यागत म्हणून येऊन राव यांना भेटले होते. म्हणजे परिणाम वेगळे करण्याचे जे शास्त्र कोलकात्याशी असे जोडलेले आहे, ते आपल्या महाविद्यालयांत लेथ यंत्रावरील धातूच्या तुकड्याला लागू होते. त्याच लेथभोवतीच्या माणसांच्या व मालाच्या व्यवस्थेला मात्र ते लागू होत नाही. एकाच विभागातील दोन प्रबंधिकांमध्ये पुराव्याची दोन वेगळी मापे असावीत, याचे नवल कोणाला वाटलेले दिसत नाही.

असमता कोठून येते

ओनो यांच्या परंपरेत अपव्ययासाठी 'मुदा', असमतेसाठी 'मुरा' आणि अतिभारासाठी 'मुरी' असे तीन शब्द येतात. आपल्या प्रबंधिकांनी पहिला शब्द उचलला व त्याचे सात प्रकार पाठ केले. उरलेले दोन शब्द बहुधा प्रस्तावनेतच राहतात. नागापूरसारख्या ठिकाणी याचा परिणाम गंभीर होतो, कारण लहान यंत्रशाळेचे मूळ दुखणे असमता हे आहे आणि ते भिंतीबाहेरून येते. मोठ्या कारखान्याचे खरेदी खाते महिन्याचे वेळापत्रक देते, मध्येच बदलते, महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात तातडीचा माल मागते. यंत्रशाळेचा मालक साठा ठेवतो तो अज्ञानामुळे नव्हे. उद्या फोन येईल आणि माल न मिळाल्यास पुढची ऑर्डर दुसऱ्याकडे जाईल, या अनुभवामुळे तो साठा ठेवतो. प्रबंधिका त्या साठ्याला अपव्यय म्हणते.

'टाक्ट टाइम' या परिमाणाचे उदाहरण घेता येईल. पाळीतील उपलब्ध वेळ भागिले मागणी, असे त्याचे सूत्र. 450 मिनिटांच्या पाळीत 900 नग हवे असतील तर दर 30 सेकंदांना एक नग. प्रबंधिकेत ही सरासरी मागणी घेऊन रेषेचा समतोल साधला जातो. प्रत्यक्षात एका आठवड्यात रोज 600 आणि पुढच्या आठवड्यात रोज 1200 नगांची मागणी असेल तर सरासरी 900 हीच राहील, पण टाक्ट टाइम एकदा 45 सेकंद आणि एकदा 22.5 सेकंद येईल. 30 सेकंदांचा आकडा त्यातील एकाही दिवसाचा नाही. त्या आकड्यावर बसविलेली रचना पहिल्या आठवड्यात माणसांना बसवून ठेवते आणि दुसऱ्या आठवड्यात जादा पाळी करावयास लावते.

येथे पुन्हा मॅट्रिक्सकडे यावे लागते. 'पूर्वी'चे मोजमाप दिवाळीपूर्वीच्या घाईत आणि 'नंतर'चे मोजमाप मंदीच्या महिन्यात घेतले गेले, तर साठ्यातील व प्रवासकालातील घट सुधारणेची की मागणीची? जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार व्यवस्थेतील सरासरी साठा हा आवकेचा दर व सरासरी प्रवासकाल यांच्या गुणाकाराइतका असतो. आवक बदलली की इतर राशी हलणारच. म्हणून वर सांगितलेल्या मांडणीत मागणीचा एक स्वतंत्र स्तंभ हवा. हा स्तंभ सुधारणांच्या स्तंभांशी जवळजवळ एकरेषीय निघाला, म्हणजे सुधारणा वाढत गेल्या तसतशी मागणीही घटत गेली, तर परिणाम वेगळे करता येणार नाहीत, आणि तसे लिहावे लागेल. असे लिहिणे हाही संशोधनाचा निष्कर्ष असतो.

विद्यार्थी मोठ्या कारखान्याच्या खरेदी खात्यात जाऊन त्यांच्या वेळापत्रकाचा अभ्यास करू शकत नाही, हे मान्य करावे लागेल. पण यंत्रशाळेच्या टेबलावर गेल्या वर्षभराची चलने व वेळापत्रके असतात. त्यांवरून मागणीतील चढउतार काढणे हे कोणत्याही परवानगीविना होण्यासारखे काम आहे. शासनाच्या योजनांनीही हाच संकोच केलेला दिसतो. केंद्र शासनाने 2009 मध्ये लघुउद्योगांसाठी लीन योजना प्रायोगिक स्वरूपात आणली, तीत शेजारच्या साधारण दहा कारखान्यांचा गट करून सल्लागार द्यावयाचा होता. मार्च 2023 मध्ये ती नव्या स्वरूपात, मूलभूत, मध्यम व प्रगत अशा स्तरांत सुरू झाली. खर्चाचा मोठा वाटा शासन उचलते, ही स्तुत्य गोष्ट. मात्र भर प्रत्येक कारखान्याच्या चार भिंतींच्या आतील सुधारणेवर राहिला. ग्राहक कंपनीच्या मागणीतील असमता हा विषय त्या भिंतींच्या बाहेरच राहतो.

एका प्रबंधिकेतून आलेला शब्द

'लीन' हा शब्दच पदव्युत्तर संशोधनातून आला, हे आपल्याकडे क्वचित सांगितले जाते. जॉन क्राफ्सिक हे कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील जनरल मोटर्स व टोयोटा यांच्या संयुक्त कारखान्यात अभियंता होते. तेथून ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षणासाठी गेले आणि 1988 मध्ये त्यांनी जगातील मोटार-जुळणी कारखान्यांच्या कार्यमानाची तुलना करणारी प्रबंधिका सादर केली. त्याच वर्षी 'स्लोन मॅनेजमेंट रिव्ह्यू'मधील त्यांच्या लेखात 'लीन' हा शब्द प्रथम आला. वोमॅक, जोन्स व रूस यांचे 'द मशीन दॅट चेंज्ड द वर्ल्ड' हे सर्वपरिचित पुस्तक 1990 चे, म्हणजे त्यानंतरचे.

त्या संशोधनाची रचना पाहण्यासारखी आहे. क्राफ्सिक यांनी एका कारखान्याचे 'पूर्वी-नंतर' लिहिले नाही. अनेक देशांतील कारखाने घेतले, वाहनाचा आकार, कामाची व्याप्ती यांतील फरक वजा करून एका वाहनामागे लागणारे श्रमतास तुलनायोग्य केले आणि मग कारखान्याचा देश, तंत्रज्ञानाची पातळी व व्यवस्थापनाचे धोरण यांपैकी फरक कशाने पडतो हे तपासले. अत्याधुनिक यंत्रे असूनही मागे पडलेले कारखाने त्यांना आढळले. म्हणजे त्यांच्या संशोधनात एक ठाम नकार होता : उत्पादकतेचे श्रेय फक्त यंत्राला किंवा फक्त जपानी मातीला देता येत नाही. रेषीय बीजगणिताच्या भाषेत त्यांच्याकडे ओळी पुरेशा होत्या. आपल्याकडील प्रबंधिकेने त्या संशोधनाचा शब्द घेतला, त्याची रचना घेतली नाही.

एक माहिती येथे नोंदविण्याजोगी आहे. अशा व्यवस्थेसाठी आरंभी 'फ्रॅजाइल' म्हणजे नाजूक, भंगुर असा शब्द चर्चेत होता आणि त्याला नकारात्मक छटा असल्यामुळे 'लीन' हा शब्द पुढे आला. साठा काढून टाकलेली व्यवस्था भंगुर असते, हे तिच्या अभ्यासकांना पहिल्यापासून ठाऊक होते. 2020 च्या टाळेबंदीनंतर जगभरच्या पुरवठासाखळ्यांत हे भंगुरपण सर्वांनी पाहिले. तरीही त्यानंतरच्या प्रबंधिकांत साठा हा अपव्ययच राहिला, हे खटकते.

श्रीखंडे यांचा नकार

रेषीय बीजगणिताच्या बाजूस मराठी वाचकाला अभिमान वाटावा असे उदाहरण शरच्चंद्र शंकर श्रीखंडे (1917-2020) यांचे आहे. सागर येथे जन्मलेले श्रीखंडे नागपूरच्या शासकीय विज्ञान महाविद्यालयात शिकले, अमेरिकेत उत्तर कॅरोलायना विद्यापीठात राजचंद्र बोस यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी 1950 मध्ये पीएच.डी. मिळविली आणि पुढे 1963 पासून मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुखपद सांभाळले. 1959 मध्ये बोस, श्रीखंडे व पार्कर यांनी ऑयलरचे लॅटिन चौरसांविषयीचे जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचे अनुमान खोटे ठरविले, ही घटना प्रसिद्ध आहे. येथे मात्र त्यांच्या 1950 च्या, संशोधक विद्यार्थिदशेच्या काळातील एका निबंधाकडे लक्ष वेधावयाचे आहे. त्या निबंधाचा विषय काही सममित संतुलित अपूर्ण गटमांडण्यांची अशक्यता हा होता.

मांडणी अशी : काही वाण तेवढ्याच गटांत बसवावयाचे, प्रत्येक गटात ठरावीक संख्येने वाण घ्यावयाचे, आणि कोणतेही दोन वाण ठरावीक गटांतच एकत्र यावेत. शेतीचे प्रयोग असोत वा कारखान्याचे, परिणाम वेगळे करण्यासाठी अशी मांडणी उपयोगी पडते. 22 वाण, 22 गट, प्रत्येक गटात 7 वाण आणि प्रत्येक जोडी 2 गटांत, अशी मांडणी शक्य आहे का? साधी मोजणी काहीही अडचण दाखवीत नाही, कारण 7 गुणिले 6 आणि 2 गुणिले 21 दोन्ही 42 येतात. आता वाण व गट यांचा 0 व 1 यांनी भरलेला मॅट्रिक्स घ्यावा आणि त्याला त्याच्याच परिवर्ताने गुणावे. गुणाकाराच्या कर्णावर सर्वत्र 7 व इतरत्र 2 येतात. या गुणाकाराचा निश्चयक 7 चा वर्ग गुणिले 5 चा 21 वा घात इतका आहे. पण तो मूळ पूर्णांकी मॅट्रिक्सच्या निश्चयकाचा वर्गही असला पाहिजे. 5 चा विषम घात पूर्ण वर्ग होऊ शकत नाही. म्हणून अशी मांडणी अस्तित्वात नाही.

अर्ध्या पानात मावणारी ही सिद्धता पदवीच्या विद्यार्थ्याला समजते. त्याच सुमारास शुट्झेनबर्गर तसेच चावला व रायसर यांनीही याच फलितापर्यंत मजल मारली होती. म्हणजे प्रश्न त्या काळी जिवंत होता. निश्चयकाचे गुणधर्म येथे शोभेसाठी आलेले नाहीत. कोट्यवधी मांडण्या हाताने तपासण्याचे श्रम ते वाचवितात आणि 'नाही' असे निश्चित उत्तर देतात.

आता रेषीय बीजगणितावरील अलीकडच्या लघुप्रबंधांची सर्वसाधारण घडण यांच्याशेजारी ठेवून पाहावी. वास्तव संख्यांच्या मॅट्रिक्सविषयी ज्ञात असलेले प्रमेय घ्यावयाचे, एखाद्या नव्या वर्गासाठी, बहुधा फझी मॅट्रिक्स वा व्यापक व्यस्त मॅट्रिक्स यांसाठी, व्याख्या किंचित बदलावयाची, आणि तेच प्रमेय तेथेही खरे आहे असे दाखवावयाचे. उदाहरण दोन ओळी व दोन स्तंभांचे. ही व्याख्या कोणाला का हवी होती, प्रमेय कोठे मोडते, मोडत नसेल तर का मोडत नाही, या प्रश्नांना जागा नाही. शुद्ध गणिताने कारखान्याला उपयोगी पडावे अशी मागणी करणे चुकीचे ठरेल. श्रीखंडे यांच्या निबंधालाही उपयोगाच्या प्रमाणपत्राची गरज नव्हती. त्याला प्रश्न होता, आणि उत्तर कोणत्या बाजूस जाईल ते आधी ठरलेले नव्हते. हा भेद उपयोजित-शुद्ध या भेदापेक्षा अधिक मूलगामी आहे.

या दोन कपाटांमध्ये देवाणघेवाण होण्याच्या जागा पूर्वीपासून आहेत. यंत्रे व सुटे भाग यांचा 0-1 मॅट्रिक्स घेऊन ओळी-स्तंभांची अदलाबदल करून यंत्रांचे गट पाडण्याची जे. आर. किंग यांची पद्धत 1980 पासून अभियांत्रिकीत रूढ आहे. प्रबंधिकांत ती सॉफ्टवेअरच्या उत्तराच्या रूपाने येते, तिच्यातील मॅट्रिक्सकडे कोणी पाहत नाही. उलट गणिताच्या विद्यार्थ्याला असे वास्तव मॅट्रिक्स, त्यातील कोडगे अपवादात्मक भाग जे कोणत्याच गटात बसत नाहीत, पाहावयास मिळाले तर त्याला दोन गुणिले दोनच्या उदाहरणापेक्षा चांगले काही सुचण्याची शक्यता आहे.

नियमावलींचा वाटा

ही स्थिती विद्यार्थ्यांच्या आळसामुळे आली असे म्हणणे अन्यायाचे होईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमावलीने पीएच.डी. प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध होणे आवश्यक केले, 2010 मध्ये शिक्षकांसाठी गुणांकनाची पद्धत आली, 2016 मध्ये परिषदांतील दोन सादरीकरणांची भर पडली. एका प्रबंधिकेतून दोन निबंध काढण्याची सवय या काळात सर्व शाखांत रुजली. 'सुधारणा झाली' हा निबंध लवकर छापला जातो, 'परिणाम वेगळे करता आले नाहीत' हा छापला जात नाही, किंवा तसा समज तरी आहे. 2022 च्या नियमावलीने निबंधाची सक्ती काढली आणि एम.फिल. ही पदवीच बंद केली. तिच्या लघुप्रबंधांचे दोष वर सांगितले, तरी ती बंद झाल्याने एक नुकसान झाले : एखादा प्रश्न लहान प्रमाणात घेऊन तो सुटत नाही असे म्हणण्याची मुभा देणारी ती शेवटची पायरी होती. पीएच.डी.च्या उंबरठ्यावर असा निष्कर्ष कोणाला परवडत नाही.

शिवाय पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा'वर वाचावयास मिळतात. एम.ई.च्या प्रबंधिका बहुधा महाविद्यालयाच्या ग्रंथालयातच राहतात. एकाच वसाहतीत वर्षानुवर्षे लिहिल्या गेलेल्या प्रबंधिका एकत्र ठेवल्या असत्या तर त्यातील प्रत्येक जण एक ओळ झाला असता आणि नागापूरपुरता का होईना, क्राफ्सिक यांच्या तक्त्यासारखा तक्ता उभा राहिला असता. त्यासाठी सर्वांनी एकाच रीतीने मोजलेले असणे मात्र आवश्यक होते.

शेवटी, 'पूर्वी-नंतर'च्या तक्त्यातील एका ओळीचा स्वतंत्र उल्लेख करणे भाग आहे. 'ऑपरेटरांची संख्या : पूर्वी 9, नंतर 7' अशा स्वरूपाची ही ओळ असते व तिच्यासमोर टक्केवारीत बचत दाखविलेली असते. ते दोघे कोठे गेले, यासाठी स्तंभ नसतो. टोयोटाची पद्धत जेथे वाढली तेथे 1950 च्या मोठ्या संपानंतर, कपातीनंतर आणि अध्यक्ष किइचिरो टोयोडा यांच्या राजीनाम्यानंतर, उरलेल्या कामगारांना नोकरीची शाश्वती देणारा समझोता आकारास आला होता. कामगाराने सुचविलेल्या सुधारणेमुळे त्याचीच नोकरी जाणार नाही, हा त्या पद्धतीचा आधार होता. नागापूरच्या यंत्रशाळेतील ऑपरेटर बहुधा कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असतो. विद्यार्थी घड्याळ घेऊन त्याच्या शेजारी उभा राहतो तेव्हा तो हात जपून चालवितो, आणि त्याने मोजू दिलेला वेळ हाच प्रबंधिकेचा मूळ आकडा ठरतो. पाळी सुटल्यावर तोच ऑपरेटर मराठीत सांगतो की सेटिंगला वेळ लागतो तो हत्यारामुळे नव्हे, मागच्या लॉटचे मटेरिअल कडक आल्यामुळे. इंग्रजीत लिहिलेल्या प्रबंधिकेत हे वाक्य जात नाही. ते जेथे लिहिलेले सापडते ती सुपरवायझरची पाळीची वही असते : तारीख, लॉट, रिजेक्शन, यंत्र बंद राहिल्याचे कारण, हजर माणसे. सहा मोजमापांसाठी लागणाऱ्या ओळींपैकी बऱ्याचशा त्या वहीत आधीच भरलेल्या असतात.